कोठून आणि किती? : तबकडीवरील दप्तराची हकीकत



दापोलीहून हर्णैच्या वाटेला लागलें, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांस जांभ्या दगडाच्या गडग्यांनीं वेढलेले जमिनीचे लहान लहान तुकडे दिसूं लागतात. अशा बंदिस्त तुकड्याला कोकणांत ‘ठिकाण’ म्हणतात. एका घराची सारी जमीन एकाच ठिकाणीं असावी, असें येथें क्वचितच घडतें. भाताचें खाचर ओढ्याकांठीं, आंब्याचीं कलमें माळावर, नारळीपोफळीचें आगर समुद्राकडे, आणि उरलेली वरकस जमीन डोंगराच्या उतारावर, अशी ती विखुरलेली असते. ‘तुमची जमीन कोठें आहे?’ असें कोणीं विचारलें, तर नुसता हात करून दाखवितां येत नाहीं. त्यासाठीं दप्तर उघडावें लागतें.

या दप्तराला किती वजन असतें, हें या तालुक्याला निराळें सांगावयास नको. रत्नागिरी जिल्ह्यांत खोती गांवें फार. सरकार सारा घेई तो खोताकडून. कोणत्या कुळाकडे कोणती जमीन, आणि त्यानें काय द्यावयाचें, हें पुष्कळ ठिकाणीं खोताच्या हिशेबावरच अवलंबून असे. १८५१ सालीं कॅप्टन विंगेट यांनीं या पद्धतीविषयीं सरकारला अहवाल दिला. पुढें मोजणी झाली, वाद झाले, आणि १८८० चा खोती कायदा आला. त्या कायद्यान्वयें खोती गांवांसाठीं ‘बोटखत’ नांवाचें जें दप्तर तयार झालें, त्यांतील नोंद ही खोत व कूळ यांच्यामधील देण्याघेण्याचा निर्णायक पुरावा मानली जाऊं लागली. जमीन तीच, तिच्यावर राबणारे हातही तेच. परंतु न्यायासनासमोर शेत बोलत नाहीं, नोंद बोलते. ज्यांच्या बालपणाचा कांहीं काळ दापोलीच्या कॅम्पांत गेला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें; आणि १९४९ च्या कायद्यानें ती पद्धत अखेर संपुष्टांत आली.

आज त्याच दापोलीच्या शेतांचा सातबारा कापडी रुमालांत बांधलेल्या कागदांतून शोधावा लागत नाहीं. तो संगणकांतून निघतो. म्हणजे जमिनीचें दप्तर हीच आतां एका निराळ्या जमिनीवर, संगणकाच्या डिस्कवर, ठेवलेली वस्तु झाली आहे. आणि त्या डिस्कवर कोणता कागद कोठें आहे हें सांगणारें आणखी एक दप्तर तिच्या खालीं आहे. हें खालचें दप्तर कसें घडत गेलें, आणि तें वाचणाऱ्या प्रोग्रॅमचें कर्तव्य काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम डिस्क म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. ग्रामोफोनची तबकडी आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. १९५६ सालीं आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें ‘रॅमॅक’ नांवाचें यंत्र पुढें आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका आंसाभोंवतीं मिनिटाला १,२०० फेरे घेत, आणि त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष अक्षरें मावत. ग्रामोफोनची सुई तबकडीच्या एका कडेपासून आंत सरकत जाते. येथें मात्र वाचणारा हात वाटेल त्या तबकडीच्या वाटेल त्या वर्तुळावर थेट नेतां येई. हा लाभ मोठा खरा, पण त्याच्याच पाठोपाठ एक प्रश्न उभा राहिला. वाटेल तेथें जातां येतें. तर मग जावयाचें कोठें?

डिस्कवरील जागा सारख्या आकाराच्या खणांत वांटलेली असते, आणि प्रत्येक खणाला अनुक्रमांक असतो. फाईल म्हणजे अशा कांहीं खणांत भरलेला मजकूर. खण भरले कीं मजकूर डिस्कवर आला. पण ते खण कोणते, आणि कोणत्या क्रमानें वाचावयाचे, याची नोंद नसेल तर तो मजकूर असून नसल्यासारखाच. म्हणून ही नोंद कशी ठेवावी, याचा विचार संगणकशास्त्रांत आरंभापासून चालत आलेला आहे. त्या विचारानें अर्धशतकांत एक पूर्ण फेरा घेतला, हेंच या इतिहासांतील मौज वाटण्यासारखें आहे.

१९६४ च्या एप्रिलमध्यें आय. बी. एम. नें ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यासाठीं रचलेल्या कार्यप्रणालींत जी रीत ठरली, ती आपल्या जमिनीच्या दप्तराच्या बरीच जवळची होती. फाईलला एक सलग पट्टा द्यावयाचा, आणि तो कोठें सुरू होतो व कोठें संपतो एवढेंच टिपून ठेवावयाचें. या सलग पट्ट्याला इंग्रजींत ‘एक्स्टेंट’ असें नांव आहे. पट्टा अपुरा पडल्यास दुसरा जोडतां येई. पण एका डिस्कवर एका फाईलला असे सोळाच पट्टे मिळत. पहिल्या तीन पट्ट्यांची नोंद फाईलच्या मुख्य पत्रकांत होई, आणि उरलेल्या तेरांसाठीं पुरवणी पत्रक जोडलें जाई.

या पद्धतींत वाचन अत्यंत वेगानें होई. वाचणारा हात एकदां पट्ट्याच्या आरंभीं नेऊन ठेवला, कीं तबकडी फिरत राहते आणि मजकूर ओळीनें येत राहतो. परंतु तिच्यांत एक अडचण होती. फाईल किती मोठी होणार, हें काम सांगणाऱ्यानें आधींच सांगावयाचें. पंगतीला किती पानें होतील याचा अंदाज लग्नघरांतील अनुभवी बायकांनाही कधीं कधीं चुकतो. मग यंत्रापुढें बसलेल्या नवशिक्याची कथा काय? अंदाज अधिक केला तर जागा रिकामी पडून राही. कमी केला तर पट्टे संपून काम मध्येंच बंद पडे.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत निघाला. १९६९ सालीं केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीस आरंभ केला. तिच्यांत पट्टा ही कल्पनाच सोडून दिलेली होती. फाईलच्या प्रत्येक खणाचा क्रमांक स्वतंत्रपणें लिहावयाचा, अशी साधी रीत त्यांनीं धरली. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत प्रत्येक फाईलच्या मूळ पत्रकांत, ज्याला ‘आयनोड’ म्हणतात, असे १३ क्रमांक असत. पहिले दहा थेट मजकुराच्या खणांचे. अकरावा क्रमांक अशा एका खणाचा, कीं ज्यांत मजकूर नसून आणखी १२८ क्रमांकच भरलेले आहेत. बारावा अशा खणांच्या यादीचा, आणि तेरावा त्या याद्यांच्याही यादीचा. लहान फाईलला दहा क्रमांक पुरत, आणि मोठी फाईल हवी तशी वाढत जाई. आधीं अंदाज सांगण्याची गरज नाहीं, आणि डिस्कवर कोठेंही एक खण मोकळा असला तरी तो कामास येई. गरिबाघरच्या संसारासारखी ही रचना होती. कांहींही वायां जात नसे.

परंतु जें सोयीचें असतें त्याची किंमत पुढें द्यावीच लागते. नव्या डिस्कवर फाईली ओळीनें बसत. पुढें कांहीं पुसल्या जात, कांहीं नव्या येत, आणि मोकळे झालेले खण वाटेल त्या क्रमानें पुन्हां वांटले जात. कांहीं काळानें एकाच फाईलचे खण तबकडीभर विखुरत, आणि वाचणारा हात प्रत्येक खणासाठीं नवी येरझार घालीत बसे. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत मॅककुसिक, जॉय, लेफलर व फॅब्री यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याचें माप दिलें आहे. आरंभीं सेकंदाला १७५ किलोबाइट या वेगानें वाचली जाणारी डिस्क कांहीं आठवड्यांच्या बेताच्याच वापरानंतर सेकंदाला ३० किलोबाइटांवर येऊन ठेपली. यंत्रांत बिघाड झालेला नव्हता; मजकूरही अक्षरशः पूर्ण होता. फक्त त्याचे तुकडे झाले होते.

तुकड्यांचें दुःख महाराष्ट्राला नवें नाहीं. वडिलांची जमीन चार भावांत, पुढें त्यांच्या मुलांत, अशी वांटली जाऊन एकेका खातेदाराकडे कसण्याच्या उपयोगाचा तुकडाही राहीना, म्हणून मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा करण्यांत आला. तेथें कारण वारसाहक्काचें आणि येथें कारण पुसण्यालिहिण्याचें. पण श्रम वाढतात ते दोन्हीकडे सारखेच, कारण कामापेक्षां जाण्यायेण्यांतच अधिक वेळ मोडतो. बर्कलीच्या मंडळींनीं योजलेला उपायही तुकडेबंदीच्याच जातीचा होता. त्यांनीं खण मोठे केले, डिस्कचे विभाग पाडले, आणि एका फाईलचे खण होतां होईल तों एकाच विभागांत ठेवण्याचा नियम घातला. वाचनाचा वेग त्यामुळें पुष्कळ पटींनीं वाढला.

तरीही दप्तर लिहिण्याची रीत जुनीच राहिली. शंभर खण एकापुढें एक सलग मिळाले, तरी दप्तरांत शंभर क्रमांक लिहावयाचे! एकाच गडग्यांतील प्रत्येक आंब्याच्या झाडाला निराळा सर्व्हे नंबर द्यावा, तसा हा प्रकार होता. १९९१ सालीं सन कंपनीच्या मॅकव्हॉय व क्लीमन या दोघांनीं, जुनी नोंद कायम ठेवूनही खण सलग वांटले आणि एकदम वाचले तर पट्ट्यांच्या पद्धतीचा बहुतेक लाभ पदरांत पडतो, असें दाखवून दिलें. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण डिस्का दिवसेंदिवस मोठ्या होत चालल्या, आणि मोठ्या फाईलचा नुसता नकाशाच एक ओझें होऊन बसला.

मग चक्र उलटें फिरलें. अॅपल कंपनीनें १९८५ सालींच आपल्या मॅकिंटॉश यंत्रासाठीं केलेल्या फाईल-रचनेंत प्रत्येक फाईलच्या नोंदींत तीन पट्टे, आणि बाकीच्यांसाठीं पुरवणी दप्तर, अशी योजना ठेवली होती. १९९१ मध्यें व्हेरिटास कंपनीची युनिक्सवरील फाईल-रचना आली; तीही पट्ट्यांवर आधारलेली होती. या कंपनीचें नांव आपल्याकडे अपरिचित नाहीं. तिचें मोठें विकासकेंद्र पुढें पुण्यांत उभें राहिलें, आणि डिस्कवरील सांठवणीचें हें काम पुण्याच्या अभियंत्यांच्या हातांत आलें. २००५ सालीं ही कंपनी सिमँटेकमध्यें विलीन झाली. १९९४ मध्यें सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची ‘एक्सएफएस’ ही रचना आली, तिच्यांत एका पट्ट्याची संपूर्ण नोंद १२८ बिटांत, म्हणजे अवघ्या सोळा बाइटांत, बसविलेली होती. जी कल्पना साठीच्या दशकांत जुनी म्हणून बाजूस सारली गेली होती, तीच तीस वर्षांनीं नव्यानें आदर पावली. जुन्या पद्धतींतील दोष पट्ट्यांचा नव्हताच. दोष होता तो आधीं अंदाज मागण्याचा आणि सोळांच्या मर्यादेचा. हे दोन दोष काढतां येतात असें कळल्यावर पट्टा पुन्हां घरांत आला.

सर्वसामान्यांच्या यंत्रांपर्यंत हा बदल पोंचविणाऱ्या रचनांपैकीं एकीची हकीकत सांगतों, कारण तिच्यांत काटकसरीचें एक सुरेख उदाहरण आहे. ‘लिनक्स’ या सर्वांस खुल्या असलेल्या कार्यप्रणालींत ‘एक्स्ट-२’ व ‘एक्स्ट-३’ अशा फाईल-रचना होत्या. त्यांच्या आयनोडमध्यें नकाशासाठीं ६० बाइट राखून ठेवलेले असत. बाइट म्हणजे साधारणतः एक रोमन अक्षर मावेल एवढी जागा. आपलें देवनागरी अक्षर बहुधा तीन बाइट व्यापतें. या ६० बाइटांत चार-चार बाइटांचे १५ क्रमांक बसत. १२ थेट खणांचे, आणि तीन याद्यांचे. पुढें ‘एक्स्ट-४’ ही रचना तयार करण्याचें काम २००६ मध्यें सुरू झालें, आणि २००८ च्या डिसेंबरांत ती स्थिर म्हणून लिनक्समध्यें प्रसिद्ध झाली. तिच्या कर्त्यांनीं राखीव जागा एका बाइटानेंही वाढविली नाहीं. त्याच ६० बाइटांत त्यांनीं १२ बाइटांचा मथळा आणि १२-१२ बाइटांच्या चार नोंदी बसविल्या. बारा आणि अठ्ठेचाळीस, एकूण साठ.

प्रत्येक नोंदींत तीनच गोष्टी असतात. फाईलच्या कितव्या खणापासून हा पट्टा सुरू होतो, यासाठीं चार बाइट. पट्टा किती खणांचा, यासाठीं दोन. आणि डिस्कवर तो कोणत्या खणापासून आहे, यासाठीं सहा. कोणाचें, कोठून आणि किती! सातबाऱ्यापेक्षां अधिक कांहीं नाहीं. यानें केवढी बचत होते पाहा. खण ४,०९६ बाइटांचा धरला तर एका गिगाबाइटाच्या फाईलला २,६२,१४४ खण लागतात. जुन्या रीतीनें तितकेच क्रमांक लिहावे लागत, आणि त्यांनाच एक मेगाबाइट जागा लागे. नव्या रीतींत एका नोंदींत ३२,७६८ खण, म्हणजे १२८ मेगाबाइट, मावतात. सारी जागा सलग मिळाली तर आठ नोंदी पुरतात. आणि आठ नोंदी म्हणजे केवळ ९६ बाइट. चारांहून अधिक नोंदी झाल्या तर त्या एका स्वतंत्र खणांत जातात, ज्यांत ३४० नोंदी मावतात. आणि मूळ पत्रकांत त्या खणाचा पत्ता राहतो. मथळ्यांतील एक अंक, पुढें नोंदीच आहेत कीं नोंदींचे पत्ते आहेत, हें सांगतो.

आतां असें दप्तर वाचणारा प्रोग्रॅम काय करतो, तें एका उदाहरणानें पाहूं. एका फाईलच्या तीन नोंदी आहेत. पहिली : फाईलच्या शून्याव्या खणापासून २० खण, डिस्कवर ५,००० पासून. दुसरी : विसाव्यापासून १२ खण, डिस्कवर ९,१०० पासून. तिसरी : चाळिसाव्यापासून ८ खण, डिस्कवर ७०० पासून. आम्हांला फाईलच्या आरंभापासून १,०५,००० बाइट सोडून पुढचा मजकूर हवा आहे. १,०५,००० ला ४,०९६ नीं भागिलें असतां भागाकार २५ आणि बाकी २,६०० येते. म्हणजे पंचविसावा खण, आणि त्यांत २,६०० बाइट आंत. ज्या नोंदीचा आरंभ पंचवीस किंवा त्याहून कमी आहे, अशांपैकीं शेवटची घ्यावयाची, ती दुसरी. तिच्या आरंभापासून आपण पांच खण पुढें आहों. म्हणून डिस्कवरील खण ९,१०० अधिक पांच, म्हणजे ९,१०५. तेथें जाऊन २,६०० बाइट सोडावयाचे, आणि वाचावयास लागावयाचें. बेरीज, वजाबाकी आणि एक भागाकार. चौथीच्या मुलाला येईल एवढेंच गणित.

परंतु गणित सोपें असलें तरी वाचणाऱ्याची परीक्षा निराळीच असते. समजा, आम्हांला पस्तिसावा खण हवा आहे. वरच्याच रीतीनें दुसरी नोंद हातीं लागते. पण ती एकतिसाव्या खणावर संपली आहे, आणि तिसरी चाळिसाव्याला सुरू होते. घाईचा प्रोग्रॅम बेरीज करून ९,११५ व्या खणाकडे जाईल, आणि तेथें दुसऱ्याच कोणाचा मजकूर असेल. खरी गोष्ट अशी, कीं या फाईलींत तेथें मोकळी जागा आहे. लिहिणाऱ्यानें ती भरलीच नाहीं, म्हणून दप्तरानें तिला जमीनही दिली नाहीं. अशा वेळीं वाचणाऱ्यानें शून्यें द्यावयाचीं. गडग्याच्या बाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, हा पहिला धडा.

दुसरा धडा याहून नाजूक आहे. कांहीं वेळां फाईलसाठीं जागा राखून ठेवतात, पण तिच्यांत अद्याप कांहीं लिहिलेलें नसतें. ती जागा पूर्वीं दुसऱ्या कोणाच्या फाईलची असूं शकते, आणि त्याचा पुसलेला मजकूर तेथें अजून पडून असूं शकतो. म्हणून एक्स्ट-४ मध्यें अशा न लिहिलेल्या पट्ट्याची लांबी ३२,७६८ मिळवून लिहितात. लांबी ३२,७६८ हून अधिक दिसली, कीं तेवढी वजा करून खरी लांबी काढावयाची, आणि मजकुराच्या जागीं शून्येंच द्यावयाचीं. ही खूण ज्यानें ओळखली नाहीं, तो एका माणसाचे टाकून दिलेले कागद दुसऱ्याच्या हातांत देईल. यंत्र कुरकुरणार नाहीं, आणि चूक कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं.

तिसरी चूक वर्षानुवर्षें झांकून राहणारी आहे. डिस्कवरील खणाचा क्रमांक सहा बाइटांचा, पण तो दोन भागांत लिहिलेला असतो. खालचे चार बाइट एके ठिकाणीं, आणि वरचे दोन निराळे. एखाद्यानें आळसानें खालचाच भाग वाचला, तर लहान डिस्कवर त्याचें काम बिनचूक चालतें, कारण वरच्या भागांत शून्यच असतें. १६ टेराबाइटांपलीकडची डिस्क आली, कीं तोच प्रोग्रॅम भलत्याच खणावर जाऊन पोंचतो. आणि शेवटची गोष्ट म्हणजे शेवटच्या खणाची. वरच्या उदाहरणांतील फाईलची लांबी १,९६,००० बाइट असेल, तर शेवटच्या, म्हणजे सत्तेचाळिसाव्या, खणांतील ३,४८८ बाइट तेवढेच तिचे. त्यापुढचें कांहीं वाचावयाचें नाहीं.

आतां कोणी विचारील, कीं ज्याला ही नवी नोंदच समजत नाहीं त्या जुन्या प्रोग्रॅमनें काय करावें? याचें उत्तर एक्स्ट रचनांत फार शहाणपणानें देऊन ठेवलें आहे. डिस्कच्या मुख्य पत्रकांत कांहीं खुणा अशा असतात, कीं त्यांतील एक जरी वाचणाऱ्याला अपरिचित असली, तरी त्यानें ती डिस्क उघडूंच नये. पट्ट्यांची खूण त्यांपैकींच आहे. ती नसती, तर जुना प्रोग्रॅम त्या ६० बाइटांना १५ क्रमांक समजला असता, मथळ्यालाच खणाचा पत्ता मानून भलतीकडे गेला असता, आणि तेथें कांहीं लिहूं लागला असता तर दुसऱ्याची फाईल कायमची बुडाली असती. ‘मला हें वाचतां येत नाहीं’, असें म्हणणें हाही प्रामाणिक वाचनाचाच एक भाग आहे.

या प्रामाणिकपणाचा त्रासही कांहींना सोसावा लागला. संगणक सुरू होतांना प्रथम एक छोटा प्रोग्रॅम चालतो. त्याच्या मदतीस कार्यप्रणाली नसते. उलट तिलाच डिस्कवरून वाचून जागें करणें हें त्याचें काम असतें. म्हणून पट्टे वाचण्याची ही सारी विद्या त्या एवढ्याशा प्रोग्रॅमला स्वतःजवळ बाळगावी लागते. ‘ग्रब’ नांवाच्या अशा प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीला एक्स्ट-४ चे पट्टे मुळांत कळत नव्हते. तिच्यांत भर घालावी लागली, किंवा आरंभीच्या फाईलींसाठीं जुन्या रचनेचा छोटा विभाग निराळा राखावा लागला. तसें न करणाऱ्याला सकाळीं यंत्र चालू करतांच काळा पडदा दिसे. घरांतील सारें सामान जागच्या जागीं होतें. दाराशीं उभ्या असलेल्या माणसाला तेवढी नवी किल्ली लावतां येत नव्हती.

श्रोतेहो, येथेंच मी पुन्हां दापोलीकडे वळतों. खोताचें बळ केवळ जमिनींत नव्हतें. कोणती जमीन कोणाची, हें सांगणारें दप्तर त्याच्या माडीवर होतें, आणि तें वाचून दाखविणाराही तोच होता. कुळाला त्याच्या शब्दावर विसंबावें लागे, ही खरी गोष्ट होती. बोटखत झालें तेव्हां निदान ती नोंद सरकारी दप्तरांत आली, आणि दुसऱ्या कोणाला ती वाचतां येऊं लागली. आतां आमचे सातबारे, आमच्या मुलांचीं प्रमाणपत्रें, घरांतील लग्नाचीं छायाचित्रें, आणि परगांवीं असलेल्या माणसांचा पत्रव्यवहार, सारें डिस्कच्या खणांत जाऊन बसलें आहे. तें तेथें आहे एवढ्यानें तें आपलें होत नाहीं. कोठून आणि किती, हें सांगणारी नोंद शाबूत असली पाहिजे, आणि ती वाचण्याची रीत एकाच घरांत कोंडलेली असतां कामा नये.

या दृष्टीनें पाहतां एक्स्ट-४ ची गोष्ट आश्वासक आहे. तिच्या प्रत्येक बाइटाचा अर्थ उघडपणें प्रसिद्ध आहे, आणि लिनक्सचा मूळ मजकूरही कोणालाही वाचतां येतो. दापोलीच्या एखाद्या विद्यार्थ्यानें मनावर घेतलें, तर मीं आतां सांगितलेल्या बेरजा-वजाबाक्यांवरून तो आपला स्वतःचा वाचणारा प्रोग्रॅम लिहूं शकेल, आणि बंद पडलेल्या यंत्रांतील डिस्क काढून कोणा वृद्धाचे कागद परत मिळवून देऊं शकेल. सार्वजनिक दप्तर कोणत्या रचनेंत ठेवावें, हें ठरविणाऱ्यांनीं वेग आणि किंमत यांच्या जोडीला हाही प्रश्न विचारावा, कीं आणखी पन्नास वर्षांनीं, आज हें दप्तर लिहिणारे कोणीही नसतांना, तें वाचण्याची विद्या आमच्या नातवंडांना कोठें मिळेल?

गडगे पडतात, माणसें मुंबईला जातात, ठिकाणांचीं नांवें विसरलीं जातात. तरी कागदावर ‘कोठून’ आणि ‘किती’ नीट लिहिलेलें असलें, म्हणजे परत आलेला नातू आपल्या आजोबांचें आगर शोधून काढतो. डिस्कवरच्या आगराचीही तीच कथा आहे.